नांगर, पऱ्हाटी आणि मातीतला कर्ब : बोरीकाठच्या चार वावरांच्या नोंदी

२८ मार्च २०२४

वावरं ठरली. अमळनेर तालुक्यात बोरीच्या दोन्ही अंगांना मिळून चौघांची. दोन भारी काळी, एक मध्यम, आणि एक नदीपासून लांब, चढाकडचं, जिथे फूटभर मातीखाली मुरूम लागतो. सगळीकडे कित्येक वर्षं कपाशी, मधून कधी मका, कधी दादर ज्वारी. मशागतही चौघांची सारखीच: पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, उपटली की ट्रॅक्टरच्या पलटी नांगराने खोल नांगरट, ढेकळं उन्हात तापू द्यायची, मग रोटाव्हेटर, आणि पेरणीआधी वखराच्या एक-दोन पाळ्या.

नांगरट बंद केली तर मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडी-मुळांतून आलेला कार्बन, वाढतो का, एवढंच बघायचंय. पण जो नांगरत नाही तो बहुतेक वेळा काडीकचराही वावरातच ठेवतो. मग कर्ब वाढलाच, तर तो नांगर न घातल्यामुळे की काडी परत मातीत गेल्यामुळे, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक वावरात चार तुकडे पाडले: नांगरट आणि पऱ्हाटी बाहेर, नांगरट आणि पऱ्हाटीचा भुगा आत, बिननांगरट आणि पऱ्हाटी बाहेर, बिननांगरट आणि भुगा वर पसरलेला.

तिसऱ्या तुकड्यावर चौघांचाही आक्षेप. नाना म्हणाले, "सर, नांगरायचं बी नाही आन् काड्या बी न्यायच्या, मंग त्या वावराले देनं काय?" शेतकरी म्हणून त्यांचं बरोबर आहे. पण तो तुकडा नसला तर बाकीच्या तिघांचा अर्थ लागत नाही. शेवटी बांधाकडची पट्टी देऊ केली. बांधालगत बाभळीची सावली, उंदरांची बिळं, गवताच्या मुळ्या. म्हणून काही ओळी सोडून आत सरकलो.

६ एप्रिल

नांगरटीआधीचे नमुने. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी सांगतात तसा व्ही आकाराचा खड्डा घेऊन वरच्या १५ सेंमीची माती उचलणं या कामाला पुरत नाही. नांगर जिथवर जातो त्याच्याही खाली बघायला हवं. म्हणून तीन थर: ० ते १०, १० ते २०, २० ते ३० सेंमी.

एप्रिलमधल्या काळ्या जमिनीत हे बोलायला सोपं. ऑगर, म्हणजे माती काढायचं गिरमिट, फिरतच नाही. सब्बल मारली की खपली निघते आणि थरांची सरमिसळ होते. आबांच्या वावरात भेगा अशा की हात कोपरापर्यंत आत जातो. आणि त्या भेगांत वरची भुसभुशीत माती आधीच घसरून पडलेली. म्हणजे २० ते ३० सेंमीचा म्हणून उचललेला नमुना काही ठिकाणी खरा वरचाच. काळ्या जमिनीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दर वर्षी थोडी वरची माती खाली आणि खालची वर अशी उलथापालथ आपोआप होते. काळी जमीन स्वतःच नांगरून घेते असं म्हणतात ते यामुळे. नांगराशिवाय काय होतं ते इथे बघताना हे सतत डोक्यात ठेवावं लागेल. गंगेच्या खोऱ्यातल्या पोयट्यातले निष्कर्ष उचलून बोरीकाठी लावता येणार नाहीत.

भेगा टाळून, दोन भेगांच्या मधल्या ढेपेतून नमुने घेतले. प्रत्येक तुकड्यातल्या अनेक जागांची माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत किलोभर उरवली. शिवाय प्रत्येक वावराच्या बांधावरचा एक नमुना. बांध कुणी नांगरत नाही आणि तिथे बारा महिने गवताची मुळं असतात. त्या मातीची जास्तीत जास्त ऐपत किती, याचा अंदाज बांध देतो.

सोबतच्या महाविद्यालयातल्या पोरांनी एक प्रयोग लगेच करून टाकला. काचेच्या दोन ग्लासांत पाणी, एकात बांधाचं ढेकूळ, एकात वावराचं. वावरातलं बघता बघता विरघळल्यासारखं बसलं. बांधाचं बराच वेळ टिकलं, मग कडेने सुटत गेलं. बापू तिथेच उकिडवे बसून बघत राहिले, मग म्हणाले, "माती तर एकच शे." काळी माती एकदम भिजली की चांगली असली तरी फुटतेच, म्हणून या ग्लासाला मी निकाल मानत नाही. पण बापूंना एका मिनिटात जे दिसलं, ते मी तासभर बोलूनही दाखवू शकलो नसतो.

१९ एप्रिल

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब मोजायची वॉकली-ब्लॅक पद्धत. १९३४ पासून चालत आलेली, स्वस्त, आणि आमच्याकडे लागतं ते सगळं आहे. चाळलेली माती एक ग्रॅम, पोटॅशियम डायक्रोमेट १० मिली, त्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल २० मिली, अर्धा तास शांत. मग पाणी, फॉस्फरिक आम्ल, डायफिनाइलअमाइनचे थेंब, आणि फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन. जांभळट निळा जाऊन हिरवा आला की थांबायचं. ब्लँक, म्हणजे माती न घालता तीच तपासणी, रोज नव्याने.

या पद्धतीत आम्ल आपल्याच उष्णतेने तापतं, बाहेरून आच नसते, त्यामुळे सगळा कर्ब जळत नाही. सरासरी ७७ टक्के जळतो असं धरून १.३ ने गुणतात. हा गुणक सगळ्या मातींना सारखा लागू नाही. पण तुकड्या-तुकड्यांची तुलना करायची असेल तर चालतं. एकच माणूस, एकच पद्धत, एकच गुणक.

आपल्या भागात या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे: ती चुनखडीला हात लावत नाही. नदीकाठच्या मातीत पांढरे खडे जागोजाग. त्यावर आम्ल टाकलं की फसफसतं. तो फेस कार्बन डायऑक्साइडचाच, पण तो कर्ब कॅल्शियम कार्बोनेटमधला, असेंद्रिय. महागड्या यंत्रात माती जाळून "एकूण कर्ब" काढला आणि आधी आम्लाने चुना घालवला नाही, तर आकडा भरघोस येईल आणि त्याचा जमिनीच्या कसाशी संबंध नसेल.

चारही वावरांचे आकडे ०.५ टक्क्याच्या आत. आपल्याकडे ०.५ च्या खाली म्हणजे कमी, ०.७५ च्या वर म्हणजे भरपूर असं ढोबळ धरतात. अपेक्षितच. चाळीस-पंचेचाळीस अंशाचा उन्हाळा, वर्षातले अनेक महिने उघडी जमीन, आणि पिकाचा जमिनीवरचा जवळपास सगळा भाग बाहेर जातो. मातीत राहणार काय? बांध सगळीकडे वरचढ.

उरलेलं क्रोमियमचं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही, हे पोरांना बजावलं. सहा संयुजेचं क्रोमियम विषारी. वेगळ्या कॅनमध्ये जमा करतोय. फेरस घालून तीन संयुजेवर आणायचं, मग चुन्याने खाली बसवायचं.

१० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

आज वावरात कोणी नसतं. तरी संध्याकाळी नानांकडे गेलो. आमरस खाल्ल्याशिवाय सुटका नव्हती. सालदारांचं वर्ष आज पालटतं. नानांचा सालदार दुसरीकडे गेला आणि नवा ठरायचाय, त्यामुळे ओट्यावर निम्मं बोलणं त्याचंच.

उरलेलं निम्मं नांगरटीचं. नानांची बाजू इथे नीट लिहून ठेवतो, कारण शहरातल्या लेखांत ती येत नाही. एक, हराळी आणि कुंदा ही चिवट गवतं. मुळ्या उलथून मे महिन्याच्या उन्हात पडल्या नाहीत तर मरत नाहीत. दोन, जमिनीतले अळ्यांचे कोष वर येतात, पाखरं वेचतात. तीन, मृगाचं पाणी: नांगरलेलं वावर पहिला पाऊस पिऊन घेतं, न नांगरलेल्यावरून वाहून जातं. आणि चौथी गोष्ट नानांच्या वहिनींनी आतून सांगितली: "वावर नांगरेल नई तं लोक काय म्हनतीन?" आळशी म्हणतील, किंवा पैसे नाहीत म्हणतील.

पहिल्या दोन मुद्द्यांना माझ्याकडे उत्तर नाही, ते खरे आहेत. तिसरा अर्धा खरा. भेगाळलेली काळी जमीन पहिला पाऊस भेगांतूनच पिते, आणि वर काडीकचरा असला तर थेंबांचा मार बसून पापडी धरत नाही. उघडी, न नांगरलेली, काडीही नसलेली जमीन मात्र सगळ्यात वाईट. आमचा तिसरा तुकडा.

१३ मे

मतदान. मी केंद्रावर. आबांनी आपल्या दोन तुकड्यांची नांगरट उरकून घेतली, फोनवर कळवलं.

२४ मे

आज घनता. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण नांगरटीवरच्या अर्ध्या दाव्यांचं पितळ इथेच उघडं पडतं.

टक्के म्हणजे शंभर ग्रॅम मातीत किती ग्रॅम कर्ब. हेक्टरी साठा काढायचा तर टक्के गुणिले घनता गुणिले खोली. सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के, घनता (एका घन सेंमीत किती ग्रॅम माती) १.३, खोली १५ सेंमी, तर हेक्टरी ८.८ टनांच्या जवळ. आता समजा नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या तुकड्यांत टक्के अगदी सारखे, ०.४८. नांगरलेली माती फुगलेली, घनता १.१, न नांगरलेली दाबून बसलेली, १.३५. पहिल्यात १५ सेंमीत ७.९ टन, दुसऱ्यात ९.७. हेक्टरी १.८ टन कर्ब "वाढला", आणि प्रत्यक्षात एक ग्रॅमही वाढलेला नाही. दुसऱ्या खड्ड्यात माती जास्त मावली, बस.

यावरचा उपाय म्हणजे सारख्या खोलीऐवजी सारख्या वजनाच्या मातीची तुलना. नांगरलेल्या तुकड्यात थोडं खोल जायचं, दोन्हीकडे हेक्टरी तेवढ्याच टनांची माती येईपर्यंत. काळ्या जमिनीत आणखी एक पेच: ओल बदलली की घनता बदलते. म्हणून मे महिन्यातली घनता आणि ऑक्टोबरमधली घनता एकाच तक्त्यात नको.

धातूचं कडं मातीत ठोकून घनता काढायची तर कडंच वाकलं. ढेकळं गोळा करून दोऱ्याने बांधली, मेणात बुडवली, आणि पाण्यात तोलली. जुनी रीत, पण वाळलेल्या काळ्या मातीला तीच लागू पडते. प्रयोगशाळेत दिवसभर मेणाचा वास.

११ जून

काल रात्री मृगाचा पहिला दमदार पाऊस. सकाळी सहालाच वावरात.

आधीची तयारी कामी आली. प्रत्येक तुकड्यात पत्र्याच्या पालथ्या बादल्या, आत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाच्या वाट्या. मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड सोडा पकडतो, मग बेरियम क्लोराइड घालून उरलेला सोडा टायट्रेट करायचा. नांगरट झाली तेव्हाही या वाट्या ठेवल्या होत्या, आणि पोरांची निराशा झाली होती. नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या तुकड्यांत तेव्हा फारसा फरक नव्हता.

पोरांनी वाचलं होतं ते अमेरिकेतल्या मिनेसोटाचं. तिथे डॉन रायकोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्याने गव्हाच्या काढणीनंतर नांगरट करून १९ दिवस मोजलं, तर आधीच्या पिकाच्या काडीत जेवढा कर्ब होता त्याच्या १३४ टक्के कर्ब वायू होऊन निघून गेला. काडी तर गेलीच, वर मातीचा जुना साठाही. १९९३ मधलं हे काम नांगराविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणून सारखं सांगितलं जातं. पण तिथली माती ओली होती. आपल्याकडे मे महिन्यात मातीत ओलच नसते, जिवाणू झोपलेले. नांगराने त्यांच्यापुढे खाणं उघडं केलं तरी खायला कोण उठणार?

पाऊस पडला की उठतात. आज सकाळच्या वाट्यांनी ते दाखवलं. मेच्या तुलनेत सगळ्याच तुकड्यांत भरपूर वायू, आणि नांगरलेल्यात उघड जास्त. कोरडी माती भिजली की श्वासाचा एकदम लोट येतो, हे केनियात काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये मांडलं होतं आणि त्याला त्यांचंच नाव आहे. माझा कयास असा: खानदेशात नांगरटीचा फटका नांगराच्या दिवशी बसत नाही, तो मृगात बसतो. मातीचे रवे नांगराने आणि रोटाव्हेटरने आधीच फोडलेले, आत जपलेला कर्ब उघडा पडलेला, आणि मग ऊब, ओल, हवा तिन्ही एकदम. दोन-चार वाट्यांवरून हे सिद्ध होत नाही. पुढच्या जूनला पुन्हा, जास्त वाट्या घेऊन.

त्याच लोटात नत्रही सुटतं. पहिल्या पावसानंतरची पेरणी तरारते ती त्यावर. म्हणजे नांगरणारा शेतकरी दर वर्षी ठेवीतून थोडी रक्कम काढून पीक उभं करतो, आणि त्याला ती रक्कम डोळ्यांनी दिसते. नांगरट सोडायला सांगताना हे लपवण्यात अर्थ नाही. पहिली एक-दोन वर्षं बिननांगरट कपाशी पिवळसर दिसू शकते, वर काडी असेल तर जास्तच, कारण काडी कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात.

२१ जुलै

तण. बिननांगरट तुकड्यांत केना आणि लव्हाळ्याने उच्छाद मांडलाय. बापूंच्या वावरात निंदणीला आलेल्या बायकांनी त्या तुकड्यांत शिरायलाच नकार दिला. तिथली मजुरी वेगळी मागितली. दिली.

कोळपणीचं काय करायचं यावर चर्चा. कोळपं वरची तीन-चार सेंमी माती हलवतं, म्हणजे तीही मशागतच. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत गादीवाफा एकदाच करायचा, मुळं जमिनीतच ठेवायची, आणि तणाला तणनाशक. इथल्या चौघांना कोळपं सोडायचं नाही आणि फवारणीवर खर्चही वाढवायचा नाही. ठरलं: कोळपणी सगळ्या तुकड्यांत सारखी. आमची ती "शून्य मशागत" नव्हे; नोंदींत सगळीकडे "बिननांगरट" एवढंच लिहायचं.

२ सप्टेंबर, पोळा

चौघांत मिळून एकच बैलजोडी उरलीय, आबांची. पूजेला गल्ली लोटली. बैल गेले तेव्हा वखर गेला आणि त्याच्या जागी रोटाव्हेटर आला, हे सगळे बोलतात. वखराची पास तण कापते, माती उलटत नाही. रोटाव्हेटर रव्यांचं पीठ करतो. पण बैलांबरोबर शेणखतही गेलं, हे मोजणारं कोणी नाही. कर्ब कमी होण्यात त्याचा वाटा नांगराएवढा असेल, कदाचित जास्त.

१७ नोव्हेंबर

गावात कार्बन क्रेडिटवाले आले, म्हणजे मातीत साठवलेल्या कर्बाचे पैसे देऊ म्हणणारे. गुळगुळीत पत्रक, ट्रॅक्टरवर हसणारा शेतकरी. म्हणे नांगरट सोडा, फॉर्म भरा, एकरी वर्षाला एक क्रेडिट. नानांनी मला बोलावून घेतलं आणि त्या मुलासमोरच म्हणाले, "सर, आता सांगा."

गणित फळ्यावर केलं असतं तसं वहीत केलं. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. एक टन कर्ब जळला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. एकरी एक क्रेडिट म्हणजे हेक्टरी २.४७ टन वायू, म्हणजे मातीत हेक्टरी वर्षाला ०.६७ टन कर्ब साठायला हवा. नांगरट सोडण्यासाठी जगभर वापरला जाणारा नेहमीचा आकडा हेक्टरी ०.३ टनांच्या आसपास, आणि त्यावरही वाद. २००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन बेकर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की कर्ब वाढला म्हणणारे बहुतेक प्रयोग वरच्या ३० सेंमीपुरते खणलेले आहेत. खोल खणलं की फायदा बऱ्याच ठिकाणी दिसेनासा होतो. नांगर काडीकचरा खाली पुरतो. नांगर बंद झाला की तो वरच राहतो. वरचा थर श्रीमंत, खालचा गरीब. एकूण बेरीज तीच असू शकते.

मग त्या मुलाला विचारलं, मोजणार कसं? म्हणाला, दर वर्षी माती तपासू. ३० सेंमी खोल, १.३ घनतेची हेक्टरभर माती म्हणजे ३९०० टन. त्यात ०.३ टन कर्ब वाढला तर टक्क्यांत वाढ ०.००८. आमच्या टायट्रेशनमध्ये एकाच पिशवीतली माती दोनदा तपासली तरी याहून मोठा फरक येतो. एका वावरात दहा पावलांवर त्याच्या कितीतरी पट फरक असतो. म्हणजे एका वर्षातली खरी वाढ दिसणारच नाही, आणि जी दिसेल ती बहुधा खरी नसेल. पाच-सहा वर्षांनी, त्याच जागी, त्याच महिन्यात, सारख्या वजनाची माती घेतली तर काही बोलता येईल.

मुलगा वाईट नव्हता; कृषी पदविका झालेला, महिन्याचं टार्गेट असलेला. त्याने पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि चहा घेतला.

नानांचा पुढचा प्रश्न नेमका: "मंग डिझेल?" आबांच्या हिशेबाने नांगरट आणि रोटाव्हेटर मिळून एकरी बारा लिटर. लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ३२ किलो. क्रेडिटच्या भाषेत किरकोळ. पण ती बचत त्याच दिवशी होते, मातीचा नमुना घ्यावा लागत नाही, आणि पैसे थेट खिशात राहतात. फॉर्म कोणी भरला नाही.

१२ जानेवारी २०२५

कपाशी संपली. कृषी खात्याचं सांगणं दर वर्षीचंच: डिसेंबरअखेर कापूस आवरा, फरदड (त्याच झाडांचं लांबवलेलं पीक) घेऊ नका, गुलाबी बोंडअळीची साखळी तोडा. बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीतल्या किडक्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून बसते. या मुद्द्यावर आमचा भुग्याचा तुकडा चौघांनाही पटला: यंत्रातून पऱ्हाटी बारीक झाली की बोंडंही चिरडतात. शिवाय यंत्र वरचा भाग कापतं, मूळ जमिनीत राहतं. उपटून काढली की मूळही जातं, आणि मातीत टिकून राहणाऱ्या कर्बात मुळांचा वाटा वरच्या काडीपेक्षा जास्त असतो.

उधईची, म्हणजे वाळवीची, भीती सगळ्यांना. चढावरच्या वावरात भुग्याखाली उधई आहेही. पुढच्या उगवणीवर परिणाम होतो का ते बघायचं.

पण आजचा दिवस पऱ्हाटी कुणाची यातच गेला. निंदणी-वेचणीला येणाऱ्या बायका वर्षभराचं सरपण या काड्यांतून नेतात. लिहून कोणी दिलेलं नाही, पण हक्क आहे. मागच्या वर्षी नेण्याआधीच आम्ही बांधावरच्या गंजी यंत्रात घातल्या, तेव्हा त्या गप्प बसल्या. या वर्षी नाही. एक मावशी म्हणाल्या, घरात सिलिंडर आहे, पण भरायला पैसे कोण देईल, तुमची माती? मी वहीत कर्ब लिहितो तेव्हा तो कुणाच्या तरी चुलीतून काढून मातीत टाकलेला असतो. तोडगा असा निघाला: भुग्याचे तुकडे सोडून बाकी सगळ्या वावराच्या काड्या त्यांच्या, आणि बैलगाडीने घरपोच, गाडी आबांची. प्रयोग मोठा करायचा झाला तर हा तोडगा पुरणार नाही. त्यावर माझ्याकडे अजून काही नाही.

४ फेब्रुवारी

नानांच्या वावरात ठेलाऱ्यांच्या मेंढ्या बसल्या. नानांच्या धाकट्या भावाने दर वर्षीप्रमाणे सांगून ठेवलं होतं. चारही तुकड्यांवर लेंड्या, आणि भुग्यातली पानं, बोंडांची सालं साफ. ठेलारी बाबा खुशीत होते. म्हणाले, या वावरात यंदा खाणं चांगलं पसरलं होतं.

नानांचं वावर पऱ्हाटीच्या तुलनेतून या वर्षापुरतं बाहेर. मेंढ्या कुठे किती बसल्या याचा कच्चा नकाशा काढून ठेवला. खरं तर हा पाचवा तुकडाच झाला, आणि माझी पैज मेंढ्यांवर आहे.

१६ मार्च

दुसऱ्या वर्षीचे नमुने घेतले, सुकवले, चाळले, बाटल्यांत भरले, लेबलं लावली. सगळे तपासणार नाही. नोव्हेंबरचं गणित आम्हालाही लागू आहे. वर्षभरात आकडा हलला तरी त्यावर बोलायचं नाही. वाळलेली माती वर्षानुवर्षं टिकते. इंग्लंडच्या रॉथॅमस्टेडमध्ये १८४३ पासूनच्या प्रयोगाचे जुने नमुने आजही ठेवलेले आहेत. पुढे पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या बाटल्या एकाच दिवशी, एकाच द्रावणाने तपासता येतील. जागा मात्र लागते. कपाटासाठी प्राचार्यांकडे अर्ज दिला.

संध्याकाळी बापूंशी बोलताना निघालेलं गणित. मातीतल्या मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात बारा भाग कर्बामागे साधारण एक भाग नत्र असतं. एक टन कर्ब मातीत कायमचा बसवायचा तर त्याच्यासोबत ८३ किलो नत्र अडकतं. युरियाच्या ४५ किलोच्या चार गोण्या. बापू हसले, "म्हनजे कर्ब बी उपाशीपोटी राहत नाही." म्हणूनच नुसत्या पऱ्हाटीने भागणार नाही, दोन कपाशींच्या मध्ये मूग, उडीद, हरभरा काहीतरी शेंगवर्गी हवं. बापू त्यांच्या मध्यम जमिनीत दोन कपाशीच्या ओळींत उडीद घेणार.

३० एप्रिल, आखाजी

पुढच्या वर्षाचं ठरलं. चौघेही राहणार. चढावरच्या वावरात मुरूम वर आणण्यापेक्षा न नांगरलेलं बरं, असं मालकच म्हणतात; तिथे नांगरटीचे दोन तुकडे ठेवायला त्यांना मीच राजी केलं. भारी जमिनीत नानांचा आग्रह: तीन वर्षांतून एकदा नांगर, हराळीसाठी, बाकी वखर. हा पाचवा प्रकार म्हणून धरायला हरकत नाही. उलट लोक प्रत्यक्षात करतील असा हाच आहे. रोटाव्हेटर मात्र सगळ्या तुकड्यांतून काढला. त्यावर वाद झाला नाही, भाडं वाढलंय.

२७ मे

मे महिन्यातच पाऊस लागून राहिलाय. काळी जमीन भिजली, ट्रॅक्टर रुततो, आबांच्या आणि बापूंच्या नांगरटीच्या तुकड्यांत अजून नांगर नाही. वाफसा येईपर्यंत थांबायचं. ओल्यात नांगरलं तर ढेकळांच्या विटा होतील आणि घनतेचे आकडे भलतेच येतील. तोवर बादल्या आणि सोड्याच्या वाट्या आजच लावल्या, कारण पहिली भिजवणूक मृगाआधीच होऊन गेली. मेण संपलंय, उद्या बाजारातून आणायचं. कपाटाच्या अर्जाचं उत्तर नाही.